अडीच बोटं

२०२५ ची ईद ३१ मार्चला, सोमवारी झाली. ईदगाहवरून घरी आलो, शीरखुर्म्याच्या दोन वाट्या रिचवल्या आणि साडेदहाला टपरीवर हजर. २९ रोजे तंबाखूला शिवलो नव्हतो, रात्रीसुद्धा. आणि नव्या कुर्त्यात, अत्तराचा घमघमाट असताना तळहातावर तंबाखू-चुना मळला नि बार भरला.

मी सोलापुरात टॉवेलच्या मागावर काम करतो. सुताच्या ढिगात विडी ओढता येत नाही, म्हणून तोंडात बार. पंचवीस वर्षं झाली, जोडीला सुपारीचं खांडही असतंच. एरवी रमजानमध्ये दिवसा बंद. मगरिबची नमाज झाली की हात खिशात. त्या वर्षी रात्रीही सोडला तो दातांच्या डॉक्टरांमुळे. तोंड किती उघडतं बघू, तीन बोटं उभी तोंडात घाला म्हणाले. माझी अडीचच गेली.

खरं सांगतो, रमजानमध्ये सोडणं जड गेलं नाही. सहरीला अख्खी गल्ली जागी, भांड्यांचे आवाज, रात्री तरावीहच्या वीस रकाती. सगळेच धरतात म्हणून आपलंही निभतं. ईदच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजला गेलो, तर चार रांगांच्या जागी एक, तीही अर्धी. तिसऱ्या दिवशी त्या अर्ध्या रांगेतही मी नव्हतो.

घरी बायकोचे कजाचे, म्हणजे रमजानमध्ये राहून गेलेले रोजे फेडायचे होते. म्हणाली, "सोमवार-गुरुवार मेरे संगात पकडो ना जी. तुमारे शव्वालके छे हो जाते." रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यातल्या त्या सहा रोज्यांचा हिशेब आमच्यात लहान पोरालाही पाठ: एका रोज्याचं दहापट पुण्य, तीस नि सहा छत्तीस, म्हणजे ३६०, वर्षभराचे रोजे. आमचे २९ च झाले होते, पण महिना पुरा धरतात. मला पुण्यापेक्षा सोमवार-गुरुवारची सोय पटली. दोन रोज्यांच्या मध्ये दोन-तीनच मोकळे दिवस. तेवढे काढायचे.

सगळे नाही निघाले. पहिल्या आठवड्यात दोनदा बार भरला, दुसऱ्यात एकदा. दुपारी तीनच्या सुमाराला, माग एका लयीत चालू असताना, उजवा अंगठा आपोआप डाव्या तळहातावर घासायला लागतो. हातात काही नसतं. शेजारच्या मागावरचा गडी हसायचा, "काय चाचा, नुसतंच मळताय?" मग त्यानंच एक दिवस भाजलेली बडीशेप आणली. रोज्याच्या दिवशी मात्र आठवणीनं पुडी लपवून ठेवायचा.

सहावा रोजा एप्रिलच्या एका गुरुवारी सुटला. खजूर, पाणी, मगरिब. फजर मात्र काही माझ्याच्यानं टिकली नाही, आठवड्यातून दोनदा झाली तर झाली. सुपारी पूर्ण बंद. तंबाखू महिन्यात एखाद्या वेळी, तीही बायकोला सांगून. त्यावर ती जे बोलते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दर गुरुवारी आरशासमोर बोटं घालून बघतो. तिसरं अजून अडतं.