तळ्यातला पौष

मत्स्यबीज विकायला येणारे हल्ली हमखास सांगतात, "दादा, हे हायब्रीड आहे, थंडी याला काही करत नाही." वाशीमच्या पठारावर या बोलण्याला गिऱ्हाईक मिळतंच. पौषातल्या पहाटे इथे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि शेततळ्यातल्या माशांची काळजी घराघरांत सुरू होते.

बोटुकली घेताना मी तिचं मूळ पाणी कुठलं ते आधी पाहतो. रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले. उत्तरेचा हिवाळा त्यांच्या अंगवळणी पडलेला. पाणी गार झालं की ते खाणं कमी करतात, सुस्तावतात, पण निभावून नेतात. गवत्या आणि चंदेरा चीनकडच्या नद्यांमधले. सायप्रिनस तर बर्फाखालच्या पाण्यातही तगतो. पंगस मात्र मेकाँगचा, रूपचंद दक्षिण अमेरिकेचा. पाणी 20 अंशांखाली गेलं की पंगस खाद्याकडे फिरकत नाही. तिलापिया आफ्रिकेतला, दहा-बारा अंशांवर तो मरायलाच लागतो.

संकरातून थंडी सोसण्याची ताकद वाढवता येते, हे खरं आहे. नाईल तिलापियापेक्षा निळा तिलापिया जास्त थंडी सोसतो, म्हणून इस्रायल आणि चीनमध्ये या दोघांचा संकर वाढवतात. अमेरिकेत पट्टेरी बास आणि पांढरा बास यांचा संकर उत्तरेकडच्या, हिवाळ्यात गोठणाऱ्या तळ्यांतही सोडतात. पण तिथल्या माशाला पाण्याचीही साथ असते. 4 अंशांचं पाणी सगळ्यात जड. ते तळाशी राहतं आणि वर बर्फाचं पांघरूण येतं. आपल्याकडे असं पांघरूण येत नाही. रात्री वरचं पाणी गार होतं, जड होऊन खाली बसतं. खालचं वर येतं, तेही गार होतं. उथळ तळ्यात पहाटेपर्यंत वरपासून तळापर्यंत सगळं सारखंच गारठतं आणि माशाला दडायला जागा उरत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे, की बीजाच्या जातीइतकीच तळ्यातल्या पाण्याची खोली महत्त्वाची. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना 2016 मध्ये आली. तिच्यातलं मोठं तळं 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल. पावसाळा सरताना ते काठोकाठ असतं. मग हरभरा पाणी मागतो, गहू मागतो, एखाद्याची संत्राबाग मागते, आणि ऐन कडाक्याच्या दिवसांत पाणी कमरेवर येतं. त्याच रात्री, त्याच हवेत एकबुर्जी धरणाचं पाणी तितकं उतरत नाही, कारण तिथे पाण्याचा साठाच मोठा. तळं शेतीसाठीच खोदलंय, हे मला मान्य आहे. गव्हाचं पाणी तोडा असं मी कुणाला सांगणार नाही.

आमच्या तळ्यांत रोहू-कटला नुसत्या गारठ्याने क्वचितच मरतो. घात होतो तो न खाल्लेल्या खाद्याने. मालक सवयीने तेवढीच पेंड आणि कोंडा टाकत राहतो. मासा तोंड लावत नाही, खाद्य तळाशी कुजतं, पाणी बिघडतं. माशाची रोगाशी झुंजायची ताकद थंडीने आधीच मंदावलेली असते, आणि पाण्यातली बुरशी मात्र नेमकी गारव्यात जोर धरते. अंगावर लाल चट्टे उठतात, त्यांचे व्रण होतात. 1988 च्या सुमारास देशात शिरलेला हा व्रणरोग अजूनही हिवाळ्यातच डोकं काढतो. मरळ आणि मृगळ त्याला लवकर बळी पडतात. मग दोष बीजाला लागतो.

दिवाळीनंतर मी पाण्याची आम्लता पाहून चुना देतो. वजन बांधलेला थर्मामीटर दोरीने तळाशी सोडून पहाटे आणि दुपारी पारा बघतो. खाद्य एकदाच, उन्हं चांगली वर आल्यावर, आणि तेही मासा किती उचलतो ते पाहून. थंडीत जाळं ओढत नाही; खवले निघतात, अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि बुरशीला वाट मिळते. थंडीची लाट आली तर पहाटे बोअरचं पाणी सोडतो. ते जमिनीतून कोमट येतं, मात्र त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून उंचावरून फवारत पाडावं लागतं.

आणि पंगस घ्यायचाच असेल, तर आषाढातच मोठं बीज सोडून दिवाळीच्या आसपास विकून मोकळं व्हावं. तळ्यात रोहू-कटला उरतात. त्यांच्यासाठी दीड-दोन मीटर पाणी राखायचं, आणि संक्रांतीपर्यंत गव्हाची मोटर विहिरीवर लावायची.