हेडमास्तरांची सही

यशवंतपूरच्या सरकारी हायस्कुलात जून उलटून गेला तरी परगावची मुलं येतच राहायची. रेल्वेचं जंक्शन, साबणाचा कारखाना, राजाजीनगरची औद्योगिक वसाहत. बापाला जिथे काम लागेल तिथे बिऱ्हाड यायचं आणि बिऱ्हाडामागून मुलांचे दाखले. किर्लोस्करांनी १९४६ साली बंगलोरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक काढली, तेव्हापासून सांगली-कोल्हापूरकडची, बेळगाव-धारवाडकडची मराठी घरं या भागात रुजत गेली. आमचं त्यांतलंच एक.

१९७७च्या जुलैत माझा मामेभाऊ मिरजेहून मीटरगेजच्या गाडीने आमच्याकडे कायमचा राहायला आला. मामा गेले होते. त्याला नववीत घालायचं होतं. हातात सांगलीकडच्या शाळेचा दाखला होता, पण त्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी नव्हती. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मुलाला ती लागते, हे आमच्या घरी कुणाला ठाऊक नव्हतं. बाबांची पहिली पाळी होती, म्हणून आई त्याला घेऊन गेली. ती दारातच उभी राहिली. हेडमास्तरांच्या खोलीत बाईमाणसाने जाऊन खुर्चीत बसायचं असतं, हे तेव्हा तिच्या गावीही नव्हतं.

हेडमास्तर तुमकूरकडचे. हिंदीमुळे देवनागरी वाचता यायची, तेवढ्यावर त्यांनी दाखला सावकाश वाचून काढला. मुलाला बीजगणिताचं एक उदाहरण घातलं. मग दाखल्यांच्या रजिस्टरात नाव घालून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, की प्रतिस्वाक्षरी येईपर्यंत हा प्रवेश माझ्या जबाबदारीवर. खाली सही केली आणि कारकुनाला सांगलीला पत्र टाकायला सांगितलं. सही दिवाळीनंतर आली. तोवर भाऊ सहामाहीत बसलाही होता.

त्या एका ओळीचं मोल मला फार उशिरा कळलं. तपासणीत कुणी बोट ठेवलं असतं, तर वेतनवाढ अडली असती त्यांचीच.

आणि तपासणी कडक असायची. जिल्ह्याचे साहेब म्हणजे डी.डी.पी.आय.; महाराष्ट्रात ज्यांना शिक्षणाधिकारी म्हणतात त्यांच्या जागी इकडे हे पद. त्यांच्या हाताखाली तालुक्याचे ए.ई.ओ., म्हणजे आजचे बी.ई.ओ., आपले गटशिक्षणाधिकारी. १९८६पर्यंत बंगलोर जिल्हा अखंड होता. चन्नपट्टण, रामनगर, दोड्डबळ्ळापूर, नेलमंगल, सगळं एकाच जिल्ह्यात. एवढ्या पसाऱ्यातून साहेब आमच्या शाळेत क्वचितच यायचे, पण यायचे तेव्हा दिवसभर थांबायचे. मागच्या बाकावर बसून तास ऐकायचे, निबंधाच्या वह्या मागवायचे, मास्तरांनी तपासताना सोडलेली चूक लाल शाईने दाखवायचे. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरची धूळ बोटाने पुसून बघायचे. आम्हा मुलांना त्यांची भीती वाटायची नि अभिमानही, कारण एवढा मोठा माणूस आमची वही वाचत होता. म्हैसूर संस्थानाने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१३ साली केला, विश्वेश्वरय्या दिवाण असताना. शाळा तपासणं हे राज्यकारभारातलं महत्त्वाचं काम आहे, ही समज त्या खात्यात मुरलेली होती.

पण शाळा रोजची चालवायचे ते दोघेच, असं मला आज वाटतं: कारकून आणि जवान. शिपायाला इकडे जवान म्हणतात. कारकुनांच्या टेबलावर फीचं पुस्तक, शिष्यवृत्तीचे अर्ज, शिक्षकांची सेवापुस्तकं यांचा ढीग. एस.एस.एल.सी.चा, म्हणजे दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरताना जन्मतारीख नि वडिलांचं नाव ते मुलाला समोर उभं करून मोठ्याने वाचून दाखवायचे. अक्षर चुकलं तर जन्मभर निस्तरावं लागतं, असं बजावायचे. जवान सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, घंटा द्यायचे, माठ भरायचे, आणि दोन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी निरोप घेऊन जायचे. आमच्या गल्लीत ते आले की कोण आजारी आहे नि कुणाचं लग्न ठरतंय, हे संध्याकाळपर्यंत हेडमास्तरांना कळलेलं असायचं. हेडमास्तरांना म्हणूनच वर्गात जायला सवड मिळे. दहावीचं इंग्रजी ते स्वतः शिकवत.

कन्नडच्या मेष्ट्रूंनी, म्हणजे मास्तरांनी, भावाला शाळा सुटल्यावर बसवून अक्षरं गिरवायला लावली. शाळांत कन्नड पहिली भाषा करा म्हणणाऱ्या गोकाक अहवालासाठीचं मोठं आंदोलन अजून व्हायचं होतं, ते १९८२चं. कन्नडची सक्ती कुणी केली नव्हती. या गावात राहायचं तर इथल्या माणसांशी बोलता आलं पाहिजे, एवढंच मेष्ट्रूंचं म्हणणं. भाऊ आज कन्नडमध्ये स्वप्नं बघतो.

तरीही ते दिवस मला परत यायला नको आहेत. आमच्या वाट्याला चांगला माणूस आला, म्हणून त्या सहीने दार उघडलं. दुसऱ्या एखाद्या खोलीत तीच सही नाकारली गेली असेल. आडनाव ऐकून, बापाचा धंदा ऐकून नाकारली गेली असेल, आणि दारात उभ्या असलेल्या आईला दाद मागायला जागा नव्हती. बदल्या वशिल्याने व्हायच्या; शहरातली जागा कुणाला नि बिदरची कुणाला, हे बंद दाराआड ठरायचं. २००७ साली कर्नाटकाने शिक्षकांच्या बदल्यांचा कायदा केला आणि समुपदेशनाने सर्वांदेखत जागा निवडण्याची रीत आली. ओळखपाळख नसलेल्या कितीतरी शिक्षिकांना त्यामुळे घराजवळची शाळा मिळाली. त्याहून मोठी गोष्ट २००१ची. अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांच्या अध्यक्षतेखालच्या कृतिदलाच्या शिफारशीवरून शाळा विकास व देखरेख समित्या आल्या, एस.डी.एम.सी. म्हणतात त्या. पुढे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने तर समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात, असंच लिहून टाकलं. कायदा आठवीपर्यंतचा, पण त्याचं वारं हायस्कुलापर्यंत पोचलं. माझ्या आईला जी खुर्ची ठाऊकच नव्हती, ती अशी तिच्यासारख्यांच्या हक्काची झाली.

किर्लोस्करच्या जुन्या जमिनीवर आज ओरायन मॉल आहे. २०१४च्या मार्चपासून यशवंतपूरवरून मेट्रो धावते. परगावची मुलं मात्र अजून येतात. इमारतींच्या कामावर आलेल्यांची, बाजार समितीच्या यार्डातल्या हमालांची, वॉचमनची. आमच्या सोसायटीचे वॉचमन अक्कलकोटकडचे, घरी मराठी बोलणारे. त्यांच्या मुलीला नववीत घालायला गेल्या जूनमध्ये मी याच भागातल्या एका सरकारी हायस्कुलात गेले.

मुख्याध्यापिका बाई प्रभारी; पूर्णवेळ पद रिकामं. कारकून नाही, जवान नाही. टेबलावर संगणक आणि हातात फोन. फोनवर दर थोड्या वेळाने खात्याच्या ग्रुपवरून विचारणा: जेवणारी मुलं किती, अंडी किती, केळी किती, दूध किती, आत्ता लगेच कळवा. बाईंचा विषय गणित, आणि तास बदली शिक्षिका घेत होती. मुलीची माहिती भरायची तर आधीच्या शाळेने तिला राष्ट्रीय पोर्टलवरून सोडायला हवं होतं. त्या शाळेने सोडलं नव्हतं, आणि फोन कुणी उचलत नव्हतं. आठवीपर्यंत दाखल्यावाचून मूल अडवता येत नाही, हे कायद्याने सांगितलंय. नववीसाठी ते कवच नाही.

बाई म्हणाल्या, "अम्मा, पूर्वी शेरा लिहायला रकाना होता. इथे मी कुठे लिहू?"

पोर्टलने चांगलं काय केलं, तेही बाईंनीच सांगितलं. पटावर खोटी नावं ठेवता येत नाहीत. एखादं मूल आठवीनंतर कुठल्याच शाळेत गेलं नाही, तर ते वर दिसतं. पूर्वी अशी मुलगी लग्न होऊन गेली की रजिस्टरात फक्त रेघ मारली जायची. पण दिसलं, तरी तिच्या घरी जाणार कोण? जवानाची जागा भरलीच नाही. शिक्षक जायचे तर त्यांच्यामागे मतदारयाद्या असतात. २०२५च्या दसऱ्यात राज्याचं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणही त्यांनीच दारोदार फिरून केलं, आणि त्यासाठी सरकारी शाळांची सुट्टी वाढवावी लागली. साहेबांचंही तेच. तपासणी आता फोटोवर होते. बी.ई.ओ. शाळेत येतात ते बहुधा एखाद्या योजनेचा आकडा पुरा करायला. निबंधाची वही मागवणारं कुणी राहिलं नाही, याचं मला मनापासून दुःख होतं, कारण साहेब वाचणार म्हणून मास्तर नीट वाचायचे आणि मास्तर वाचणार म्हणून आम्ही नीट लिहायचो. २०२४ साली दहावीच्या परीक्षेवर कॅमेऱ्यांतून थेट नजर ठेवली, आणि निकाल आधीच्या वर्षीच्या ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० वर आला, तोही वाढीव गुण देऊन. परीक्षेच्या खोलीत कॅमेरा बसवता आला. वर्षभर वर्गाच्या मागच्या बाकावर कुणाला तरी बसवायचं राहून गेलं.

बाईंनी मुलीला त्याच दिवशी वर्गात बसवलं. हजेरीत नाव नाही, म्हणून तिच्या वाट्याचं पुस्तक नाही की अंडं नाही. पुस्तकं मागच्या वर्षीच्या मुलींकडून जमवली. उद्या कुणी विचारलं असतं, तर उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं, आणि त्यांच्या बाजूने कागदावर एक ओळही नव्हती.

गाठ सुटली ती शाळेच्या समितीच्या अध्यक्षीणबाईंमुळे. त्या यादगिरीकडच्या, यार्डात कांदा निवडायला जातात. सोलापूरकडच्या कांद्याच्या लॉऱ्या तिथे उतरतात. त्यांनी एका ड्रायव्हरच्या हाती निरोप दिला. तो अक्कलकोटला आधीच्या शाळेत जाऊन उभा राहिला आणि काम होईपर्यंत हलला नाही. मुलीचं नाव पटावर चढलं.

त्यानंतरच्या बैठकीला मलाही बोलावलं होतं. अध्यक्षीणबाई हेडमास्तरांच्या टेबलाशी खुर्चीत बसल्या होत्या. नळ, संडासाची कडी, वर्गातला पंखा, हे विषय झाल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या मिसना गणित शिकवू द्या. लिहायला एक गुमास्ता आणि घंटेला एक जवान पाहिजे, असं लिहा." ठराव झाला. कुणी सह्या केल्या, कुणी अंगठे उमटवले, आणि दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून दोघीजणी तो कागद घेऊन बी.ई.ओ. ऑफिसात गेल्या. कागदाची पोच शिक्का मारून आणली आहे; डी.डी.पी.आय.कडे न्यायची प्रत मी टाईप करून देते आहे.