चिठ्ठीतला एक शब्द : लायपोसोमल

'लायपोसोमल' हा शब्द आपल्या वस्त्यांत आला तो २०२१ च्या उन्हाळ्यात. कोरोनातून उठलेल्या माणसाला काळ्या बुरशीने गाठले, की डॉक्टर 'लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी' लिहून देत आणि नातेवाईक औरंगाबादची दुकाने पालथी घालत. चितेगावच्या कामगार कुटुंबांच्या चिठ्ठ्या घेऊन आम्हीही फिरलो. एका दुकानदाराने साधे अ‍ॅम्फोटेरिसिन पुढे ठेवले. म्हणाला, "नाव तेच, पैसे कमी. घेऊन जा." आम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "विचारलंत ते बरं केलंत. दोन्हींचं माप वेगळं आहे. त्याच मापात साधं औषध दिलं तर रोग्याच्या जिवावर बेतेल."

त्या एका शब्दात एवढे काय आहे, हे आपल्या माणसांना ठाऊक असले पाहिजे, असे तेव्हाच आमच्या मनाने घेतले.

आम्ही बी.कॉम. झालेली कारकून माणसे. पण माल, पॅकिंग आणि वाहतूक आम्हाला कळते, आणि चितेगावच्या कारखान्यांत राबलेल्या कामगारालाही कळते. लायपोसोम म्हणजे औषधाचे पॅकिंग. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम या शास्त्रज्ञाला दिसले, की अंड्याच्या बलकात असतो तसा स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळला, की त्याच्या आपोआप बारीक गोल पिशव्या बनतात. पुढे या पिशव्यांत औषध भरण्याची युक्ती निघाली. अशी पिशवी माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढी असते.

कॅन्सरवर डॉक्सोरुबिसिन नावाचे लाल रंगाचे औषध आहे. ते गाठीला मारते, पण हृदयालाही इजा करते. १९९५ साली अमेरिकेत हेच औषध लायपोसोममध्ये भरून वापरायला परवानगी मिळाली. त्या पिशवीतला एक मुख्य घटक सोयाबीनपासून काढतात, त्याच सोयाबीनपासून जे आपल्या मराठवाड्याच्या रानात पिकते! गाठीतल्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात. पिशव्या तिथून आत झिरपतात. निरोगी हृदयाच्या वाहिन्यांतून त्यांना सहसा वाट मिळत नाही. म्हणून हृदयाचा धोका कमी होतो. मात्र हे औषध सगळ्या कॅन्सरांवर चालत नाही. स्त्रियांच्या बीजकोशाचा आणि स्तनाचा कॅन्सर अशा ठरावीक आजारांतच ते देतात.

त्याचाही एक त्रास आहे. तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. अशा बाईने त्या दिवसांत गरम पाण्यात हात घालून भांडी-धुणे करू नये, घट्ट चप्पल घालू नये. घरच्यांनी कामाचा भार वाटून घ्यावा. एवढे तरी आपल्या हातात आहे.

हे सगळे परदेशातच घडले, असेही नाही. बुरशीवरचे लायपोसोमल औषध आपल्याच देशात तयार व्हावे म्हणून परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्लीच्या प्रा. बच्छावत यांच्याबरोबर काम केले. के.ई.एम. हे महापालिकेचे, गोरगरिबांचे रुग्णालय. आणि २०१२ साली अमेरिकेत डॉक्सोरुबिसिनच्या या औषधाची टंचाई झाली, तेव्हा तिथल्या सरकारने मुंबईच्या सन फार्माचा माल आयात करायला परवानगी दिली.

म्हणजे विद्या आपल्याकडे आहे, मालही बनतो. प्रश्न उरतो तो आपल्या माणसापर्यंत पोचण्याचा. म्हणून आमचे सांगणे असे. गाठ लागली, न दुखणारी असली तरी, लपवू नका. अंगारे-धुपाऱ्यात महिने घालवू नका. शहरात २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. दागिने मोडण्याआधी तिथे जा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते विचारा. औषधाच्या चिठ्ठीवरचे पूर्ण नाव वाचा. 'लायपोसोमल' लिहिले असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरे आणू नका. बिल आणि रिकाम्या बाटलीवरचे लेबल फाइलला लावून ठेवा. घरात शिकलेले एखादे पोर असेलच. हे काम त्याच्याकडे सोपवा. त्याच्या शिक्षणाचा पहिला उपयोग घरातल्या आजारी माणसाला होऊ द्या.