बॅगपाइप आणि गुरु

पुस्तक वाचून पोहतां येत नाहीं, हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. तरीहि सेवानिवृत्तीनंतर ग्लासगोस चिरंजीवांकडे राहावयास गेलों असतां पुस्तकावरून बॅगपाइप शिकण्याचें वेड आमच्या डोक्यांत शिरलें. सनईच्या मुलुखांतल्या माणसाला हें वाद्य फारसें परकें वाटत नाहीं. सनईवाल्याचा साथीदार जसा एकच सूर धरून बसतो, तसे येथें खांद्यावरचे ३ नळे अखंड सूर देतात, आणि वाजविणारा खालच्या नळीवर चाल उभी करतो. त्या नळीचे स्वर अवघे ९! एवढ्यासाठीं गुरूची मिनतवारी कशाला? १९९६ सालीं उघडलेलें नॅशनल पायपिंग सेंटर त्याच गांवांत होतें. त्याची पायरी आम्ही चढलों नाहीं.

आरंभ पिशवीवर करीत नाहींत. प्रथम कित्येक महिने ‘प्रॅक्टिस चँटर’ नांवाच्या साध्या नळीवर बोटें बसवावयाचीं असतात. ती आणली. पुस्तक होतें, फोनवर चालतीं चित्रें होतीं. आठ महिन्यांत पांचसहा चाली हातांत आल्या. ‘गोठ्यांत म्हैस अडली आहे काय?’ असें विचारणें आमच्या कुटुंबानें सोडलें, हेंच आम्ही प्रगतीचें प्रमाणपत्र समजलों. नऊ वर्षांची नात शेजारीं बसून, आमचीं बोटें पाहून तेंच वाजवूं लागली. तेव्हां तर आम्ही स्वतःच गुरु झालों.

शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहात. तरुणपणीं ते पलटणींत पायपर होते. एके संध्याकाळीं त्यांनीं आम्हां दोघांस वाजवावयास लाविलें आणि विचारलें, “या दोन स्वरांच्या मध्यें तिसराच एक वाजतो आहे, तो आपणांस ऐकूं येतो काय?”

आम्हांस येत नव्हता.

या वाद्यांत सूर मध्येंच थांबवितां येत नाहीं, लहानमोठाहि करतां येत नाहीं. एकच स्वर दोनदां हवा असेल तर मध्यें दुसऱ्या स्वराचा निसटता कण टाकावा लागतो. सारी खुबी त्या कणांत. तीनचार बोटें एकदम हलावयाचीं असतां एक केसभर मागें राहिलें, कीं नको तो स्वर उमटलाच. आम्ही नळी आवळून धरीत होतों, आणि उजव्या हाताच्या बोटांच्या टोंकांनीं भोंकें झांकीत होतों. तेथें मधल्या पेराचा सपाट भाग हवा. पुस्तकांत हें छापलेलें होतें. आम्ही वाचलेंहि होतें! परंतु पुस्तक ऐकत नाहीं. स्काय बेटावरचें मॅक्रिमन घराणें तबल्याच्या बोलांसारखे तोंडी बोल गाऊन शिष्य तयार करी, तें उगीच नव्हे.

आमच्या चुकीचें आम्हांस एवढें वाईट वाटलें नाहीं. पण तोच नको असलेला स्वर नातीच्या नळींतून जसाच्या तसा निघतांना ऐकून मान खालीं गेली. दुसऱ्या दिवशीं फळें घेऊन आम्ही त्या गृहस्थांकडे गेलों, आणि दोघांस शिकवावें अशी विनंति केली.

पोरीचीं बोटें महिन्याभरांत सुटलीं. गेल्या आठवड्यांत तिला पिशवी मिळाली. आम्ही अद्याप नळीवरच आहों, आणि आतां तो तिसरा स्वर आम्हांस स्पष्ट ऐकूं येतो.