एकाच पाकिटातल्या मोटरी

"अंकल, मला ती हळू चालणारीच गाडी द्या. मला तिची सवय झाली आहे."

दहा वर्षांचा तो मुलगा तक्रार म्हणून हे बोलला नव्हता. शनिवारची संध्याकाळ होती, मगरिबची नमाज नुकतीच झाली होती आणि मशिदीला लागून असलेल्या हॉलमध्ये मी मुलांना गाड्या वाटत होतो. त्याने हात पुढे केला आणि माझा हात तिथेच थांबला.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो. इंग्लंडमध्ये स्लॉट कारचा खेळ जुना आहे. फ्रेड फ्रान्सिस या गृहस्थांनी 1957 मध्ये 'स्केलेक्स्ट्रिक' बाजारात आणले आणि घराघरांत तो पोचला. प्लॅस्टिकच्या रस्त्यात एक खाच असते, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. खऱ्या गाडीपेक्षा 32 पट लहान असलेली गाडी त्या खाचेत आपले पाते रोवून धावते आणि पट्ट्यांतून वीज घेते. मुलाच्या हातात फक्त एक ट्रिगर असतो. दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते. वळणावर जास्त दाबला तर ती खाचेतून उडून थेट जमिनीवर!

मी मूळचा चिपळूणकडचा. तरुणपणी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम शिकलो. पाणी खेचणाऱ्या पंपांपासून मिक्सरपर्यंत शेकडो मोटरी उघडल्या, भरल्या आणि कानाला लावून पाहिल्या. पुढे या देशात आलो. आमच्या वस्तीतली मुले मोबाइलमधून डोके वर काढत नाहीत, म्हणून दोन-तीन पालकांनी मिळून जुना चार खाचांचा ट्रॅक मिळवला. आठ मुले, आठ गाड्या. प्रवेश फी घेऊन त्यातून बक्षीस द्यायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ठरले. पैसा लागला की खेळ जुगाराकडे झुकतो. मोटरीचे काम जाणणारा म्हणून गाड्यांची जबाबदारी माझ्याकडे आली.

नियमही मीच केला: सर्वांना एकाच प्रकारची गाडी आणि एकाच कंपनीची मोटर. पाकिटावर छापले होते, 12 व्होल्टला मिनिटाला 18,000 फेरे. "सगळ्यांना सारखेच आहे," असे मी पालकांना अभिमानाने सांगत असे. सहा आठवड्यांत माझा धाकटा मुलगा पाच वेळा जिंकला.

त्या रात्री त्या मुलाचे बोलणे मी घरी सांगितले. बायको पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मोटरी तुम्हीच बसवल्या ना? तराजूही तुमच्या हातात आणि मापही तुमच्याच घरी आले."

मी काही बोललो नाही, कारण मला एक गोष्ट आठवत होती. गाड्या जुळवताना प्रत्येक मोटर मी बॅटरीला लावून क्षणभर फिरवली होती. रिवाइंडिंगवाल्याचा कान असतो. एका मोटरीचा आवाज साफ, भरीव होता. ती मी बाजूला ठेवली आणि मुलाच्या गाडीत बसवली. मोजमाप केले नाही. मोजले नाही म्हणून मला माहीत नाही, अशी मी स्वतःची समजूत काढली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या घरी आणल्या आणि शिल्लक चार मोटरी धरून बाराही मोटरी टेबलावर मांडल्या. नव्या मोटरीचे कार्बन ब्रश कम्युटेटरवर नीट बसलेले नसतात, म्हणून प्रत्येक मोटर आधी 3 व्होल्टवर सावकाश फिरवली. मग बरोबर 12 व्होल्ट देऊन टॅकोमीटरने वेग पाहिला. 18,000 हा आकडा एकाही मोटरीने तंतोतंत दाखवला नाही. कोणी कमी, कोणी जास्त. सर्वांत मंद आणि सर्वांत वेगवान यांच्यात दोन हजार फेऱ्यांचे अंतर. आणि पहिला नंबर कोणाचा? त्या हळू गाडीवाल्या मुलाच्या मोटरीचा!

खरे सांगतो, क्षणभर मला बरे वाटले. म्हणजे मोटर उत्तम आहे, चूक मुलाचीच. हा आकडा पालकांना दाखवला असता तर कोणी शब्द काढला नसता.

पण हात शिकलेला होता. ती मोटर रिकामी फिरतानाही इतरांपेक्षा जास्त करंट खात होती आणि लवकर तापत होती. ही लक्षणे मी ओळखत होतो. मोटरीतले चुंबक कमजोर झाले की ती मोकळी असताना उलट जोरात फिरते. पण ओझे आले की तिच्यात ओढ राहत नाही. टॅकोमीटर मोकळी मोटर मोजतो. मुलगा मोकळी मोटर चालवत नाही, गाडी चालवतो.

मग ट्रॅकवरच परीक्षा घेतली. एकच गाडी, तेच टायर, तीच खाच, चालवणारा मी. फक्त मोटर बदलायची, दहा फेऱ्या मारायच्या आणि गाडी थंड होऊ द्यायची, कारण तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि मागून येणाऱ्या मोटरीवर अन्याय होतो. माझ्या मुलाच्या मोटरीला एका फेरीला सुमारे आठ सेकंद लागत. त्या मुलाच्या मोटरीला जवळजवळ अर्धा सेकंद जास्त. वळणातून बाहेर पडताना ती रखडत होती. शिवाय ट्रिगर सोडल्यावर या गाड्यांना ब्रेक लागतो तो मोटरीच्याच चुंबकामुळे. चुंबक कमजोर, म्हणून ब्रेकही कमजोर. तो मुलगा वळणावर सारखा उडत असे आणि आम्ही सगळे त्याला रागावत असू, "इतका जोरात दाबतोस कशाला?" तो सहा आठवडे ऐकून घेत राहिला आणि शेवटी त्याने तीच गाडी आपली मानली.

हदीसच्या ग्रंथांत घोड्यांच्या शर्यतीचा एक प्रसंग आहे, हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांनी सांगितलेला. पैगंबर (स.) यांनी मदिनेत शर्यती लावल्या तेव्हा शर्यतीसाठी खास तयार केलेल्या घोड्यांना हफयापासून सनियतुल विदापर्यंतचे लांब अंतर दिले आणि तयार न केलेल्या घोड्यांना सनियतुल विदापासून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंतचे थोडे अंतर. हा प्रसंग मी पूर्वी अनेकदा ऐकला होता. त्या टेबलाशी बसून पहिल्यांदा लक्षात आले की घोडे शेवटी घोडेच, असे म्हणून तिथे सर्वांना एकाच रेषेवर उभे केले नव्हते. आधी त्यांच्यातला फरक पाहिला गेला होता.

मुलाला सांगणे सर्वांत अवघड गेले. तो बारा वर्षांचा आहे. सगळे ऐकून त्याने विचारले, "अब्बा, म्हणजे मी जिंकलो नव्हतो?"

"ते मला सांगता येत नाही, बेटा," मी म्हणालो.

तो उठून आपल्या खोलीत गेला. मला वाटत होते की मी दुसऱ्याच्या मुलाचे घेतले आणि माझ्या मुलाला दिले. प्रत्यक्षात मी दोघांचेही घेतले होते. एकाला वाटले आपल्याला जमत नाही. दुसऱ्याला आपल्याला किती जमते, हे कळायला मी वावच ठेवला नव्हता.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. कमजोर मोटरी काढून टाकल्या आणि ट्रॅकवरच्या वेळेत जवळ येणाऱ्या चार मोटरी निवडल्या. आठ गाड्यांऐवजी चारच गाड्या; प्रत्येक गाडी आपल्या खाचेत कायम. आतली खाच वळणावर आखूड, बाहेरची लांब. तो फरक कोणाला पुसता येत नाही. म्हणून गाड्या जागेवर राहतात आणि मुले बदलतात. प्रत्येक मुलाने चारही गाड्या चालवायच्या, चारही वेळच्या फेऱ्यांची बेरीज करायची. मोटरीचा उरलासुरला फरक आणि खाचेचा फरक असा सर्वांच्या वाट्याला सारखा येतो. प्रत्येक खाचेला वेगळा वीजपुरवठा दिला. पूर्वी एक गाडी पडली की बाकीच्यांना जास्त वीज मिळून त्या अचानक उसळत. कोणी कुठल्या गाडीपासून सुरुवात करायची, ते चिठ्ठ्या टाकून ठरते. चिठ्ठी सर्वांत लहान मूल उचलते, मी नाही. पालकांनाही घडलेले सगळे सांगितले. एक-दोघे हसले, एक जण गप्प राहिले. ते त्या मुलाचे वडील होते.

नव्या पद्धतीच्या पहिल्या शनिवारी माझा मुलगा दुसरा आला, पहिल्यापेक्षा दोन फेऱ्यांनी मागे. तो मुलगा चौथा आला आणि पूर्ण संध्याकाळीत दोनदाच ट्रॅकवरून उडाला. त्याच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा गोंधळ जास्त होता. चौथ्या गाडीजवळ येऊन त्याने मला विचारले, "ही गाडी कोणाची आहे?"

"कोणाचीच नाही," मी म्हणालो.

घरी परतताना माझ्या मुलाने फेऱ्यांची चिठ्ठी खिशातून काढली, पुन्हा एकदा बेरीज केली आणि विचारले, "हे खरे आहे ना, अब्बा?"

"खरे आहे."

त्याने चिठ्ठी घडी करून परत खिशात ठेवली. यापूर्वीच्या पाच विजयांची एकही चिठ्ठी त्याने जपून ठेवलेली नाही.