नीळ पाचशे मण, डबे तीनशे

1872 च्या करार कायद्यातलं माझं सगळ्यांत आवडतं पात्र म्हणजे एक निळीचा कारखानदार. कलम 19 खालच्या उदाहरणांत तो भेटतो, नाव नुसतं 'अ'. आपल्या कारखान्यात वर्षाला 500 मण नीळ निघते, असं तो 'ब'ला ठरवून खोटं सांगतो आणि कारखाना त्याच्या गळ्यात मारतो. हा सौदा मोडायचा की नाही, ते 'ब'च्या हाती. लगेच खालच्या उदाहरणात 'ब'चा समज तसाच चुकीचा करून दिलेला आहे, पण 'ब' वह्या तपासतो, त्यांत 400 मणच दिसतात आणि तरीही तो कारखाना घेतो. आता त्याला तक्रारीला जागा नाही. निळीचे कारखाने गेले, मणही गेले. 'अ' आणि 'ब' मात्र दर दोन-चार महिन्यांनी माझ्या ऑफिसात येऊन बसतात. शिवाजीनगर कोर्टात दिवाणी वकिली करताना निम्मं आयुष्य या दोघांत गेलं.

अलीकडचा 'ब' खानावळवाला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वसतिगृहांच्या भागातली चालू खानावळ त्यानं 11 लाखांना घेतली. विकणारा म्हणाला, रोज 300 डबे जातात. वही दाखवली. सकाळी बोलावून ओळीनं मांडलेले डबेही दाखवले. बंद डबा भरलेला आहे की रिकामा, हे लांबून कळत नाही. ताबा घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात आकडा समजला : 120. वही एका रात्रीत, एकाच पेनानं लिहिली होती, हे डबे पोचवणाऱ्या पोऱ्यानंच सांगितलं.

माझ्यासमोर बसून त्यानं ही वहीची गोष्ट तासभर रंगवून सांगितली. सगळेच पक्षकार तसं करतात. कसं फसवलं, हे त्यांना पाठ असतं. मी विचारते ते दुसरंच : कळल्यावर काय केलंत?

इथं तो अडखळला. कारण तो आला होता 14 महिन्यांनी. मधल्या काळात त्यानं मुलीच्या नावाची नवी पाटी लावली, सकाळची मिसळ सुरू केली, कणीक मळायचं जुनं यंत्र विकून नवं घेतलं. कहर म्हणजे सौद्याचा शेवटचा हप्ताही चुकता केला. "म्हटलं मॅडम, आता पडलोच आहोत तर पोहू."

माणूस म्हणून मला हे पटतं. वकील म्हणून कपाळाला हात लावावा लागतो. कपटानं झालेला करार आपोआप मरत नाही. कायद्याच्या भाषेत तो शून्य नसतो, शून्यकरणीय असतो. फसलेल्यानं मोडला तर मोडतो, नाहीतर धडधाकट चालू राहतो. करार ठेवून 'तुझं बोलणं खरं असतं तर मी जिथं असतो तिथं मला आणून ठेव' असं म्हणायचीही मुभा आहे. पण दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाहीत. सत्य कळल्यावर करार स्वीकारलात, तोंडानं नव्हे नुसत्या वागण्यानं जरी, तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम 27 कोर्टाला करार मोडून द्यायला नकार देऊ देतं. "पण मुदत तीन वर्षांची आहे ना?" हा हमखास प्रश्न. आहे, कपट उघडकीला आल्यापासून तीन वर्षं. ती दावा लावायची मुदत आहे. तोवर खानावळ चालवत बसायची परवानगी नव्हे.

याबाबत 1958 मधला लाँग विरुद्ध लॉइड हा इंग्लंडमधला खटला मी हटकून सांगते. एका मालवाहतूकदारानं 'उत्कृष्ट अवस्थेत' अशी जाहिरात वाचून 750 पौंडांना लॉरी घेतली. पहिल्याच खेपेत डायनामो बंद, तेलाची गळती, चाकाला तडा. त्यानं तक्रार केली; विकणाऱ्यानं डायनामोचा निम्मा खर्च देऊ केला, यानं तो मान्य केला आणि लॉरी पुन्हा लांबच्या खेपेला धाडली. ती वाटेत बसली. कोर्ट म्हणालं, दोष कळूनही दुसऱ्या खेपेला पाठवलीस, तेव्हाच लॉरी स्वीकारलीस. माझ्या खानावळवाल्यानं तर 14 महिने खेपा केल्या होत्या.

शिवाय मोडायचं म्हणजे घेतलेलं परत करायचं. करार कायद्याचं कलम 64 तेच सांगतं. लॉरी परत करता येते. खानावळीचं काय परत करणार? पोचे आलेले टोप? सोडून गेलेले आचारी? जुनं यंत्र तर भंगारात गेलेलं. म्हणून माझा सल्ला रुक्ष असतो : कळलं त्याच आठवड्यात लेखी नोटीस, त्यात किल्ल्या परत द्यायची तयारी, सामानाची यादी, फोटो. पाटीला हात लावू नका. बहुतेक जण त्याऐवजी पोलीस चौकी गाठतात. फसवणुकीचा गुन्हा जरूर नोंदवावा (2024 पासून 420 जाऊन 318 कलम आलं, बोलण्यात चारशेवीसच राहणार), पण त्यानं सौदा मोडत नाही.

आमच्या नोटिशीला उत्तर आलं, त्यासोबत नव्या पाटीच्या उद्घाटनाची पत्रिका जोडलेली. पाहुण्यांत विकणाऱ्याचं नाव! यानं त्याला मानानं बोलावलं होतं. 'साधी चौकशी का केली नाही' हा बचाव समोरच्या वकिलाला चालणार नव्हता. अजाणता चुकीचं सांगणं किंवा फसवं मौन असेल तिथं तो चालतो, बनावट वही करणाऱ्याला नाही. पण पत्रिकेवर माझ्याकडे उत्तर नव्हतं. करार मोडायचा नाद सोडला, फक्त नुकसानभरपाईचा दावा लावला. फसवणूक झाली एवढं म्हणून भागत नाही. कोण, कधी, काय बोललं ते दाव्यात तारखेनिशी मांडावं लागतं. तिथं तो डबेवाला पोऱ्या कामी आला. मध्यस्थीत सव्वातीन लाखांवर मिटलं.

पक्षकार खूश होता, मी नव्हते. तिसऱ्या आठवड्यात आला असता तर 11 लाखांसाठी भांडलो असतो.

परवा तो पेढे घेऊन आला. खानावळ विकायला काढली आहे, गावाकडे जायचं म्हणतो. आता रोज 190 डबे जातात, स्वतःच्या कष्टानं वाढवलेले. उठता उठता म्हणाला, "मॅडम, जाहिरातीत 250 लिहिलं तर चालेल ना?"

मी त्याला वही घेऊन यायला सांगितलं आहे.