हाडजोड, गोळी आणि रामलीलेची वाट

रामनगरची रामलीला एका रंगमंचावर होत नाही. अयोध्या एका ठिकाणी, जनकपूर दुसऱ्या, लंका आणखी दूर. पात्रे चालू लागली की प्रेक्षकही त्यांच्या मागोमाग निघतात. सुमारे महिनाभर हा क्रम चालतो. विजेची रोषणाई नाही, ध्वनिक्षेपक नाही. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, धुळीतून आणि खाचखळग्यांतून वाट काढावी लागते. एकही दिवस न चुकवणाऱ्या भाविकांना तेथे ‘नेमी’ म्हणतात.

अशा नेमींमध्ये एक मराठी आजी आहेत. काशीच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाट भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांपैकी एकात त्यांचा जन्म झाला. लग्नानंतर गंगा ओलांडून त्या रामनगरात आल्या. वय ६८. लीलेहून परतताना एका रात्री त्यांचा पाय विटेला अडखळला, तोल सावरण्यासाठी त्यांनी हात टेकला आणि मनगट मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. उभ्या उंचीवरून पडल्यावर हाड मोडावे, हे डॉक्टरांना खटकले. त्यांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करवून घेतली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.९ आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या व्याख्येनुसार उणे २.५ किंवा त्याखालचा अंक म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, मराठीत अस्थिसुषिरता. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेटची गोळी लिहून दिली.

गोळ्यांची पट्टी देवघराशेजारच्या फळीवर तीन महिने तशीच पडून राहिली. शेजारच्या बाईंनी सांगितले होते की या गोळीने जबडा सडतो आणि मांडीचे हाड मोडते. त्यापेक्षा हाडजोड बरी. आजींच्या गच्चीवर ही चौकोनी कांड्यांची वेल होतीच. संस्कृतात ती अस्थिशृंखला, महाराष्ट्रात कांडवेल किंवा हाडसांधी. मनगट सांधत असताना त्यांनी ती तुपात परतून खाल्ली होती, आणि मनगट सांधलेही होते. मग परकी गोळी कशाला?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर रामनगरच्या समोरच, गंगेच्या पश्चिम तीरावर सापडते. सामने घाटाचा पूल ओलांडला की काशी हिंदू विश्वविद्यालय लागते. तेथील शल्यचिकित्सक डॉ. के. एन. उडुपा हे मुळात आयुर्वेदाचे पदवीधर. पुढे त्यांनी अमेरिकेत शल्यचिकित्सेचे शिक्षण घेतले आणि ते विश्वविद्यालयाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. १९६०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी जी. प्रसाद यांच्यासह हाडजोडीची परीक्षा घेतली. मोडलेल्या हाडात कॅल्शियम किती वेगाने ओढले जाते, हे त्यांनी कॅल्शियम-४५ या किरणोत्सारी समस्थानिकाच्या साहाय्याने प्राण्यांमध्ये पाहिले. सांधलेले हाड किती ताण सोसते, हेही मोजले. १९६४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार वनस्पती दिलेल्या प्राण्यांची हाडे अधिक लवकर भरून आली. लोकांचा अनुभव त्यांनी झिडकारला नाही आणि पारखल्याविना स्वीकारलाही नाही.

परंतु त्या प्रयोगाने विचारलेला प्रश्न कोणता होता? मोडलेले हाड लवकर सांधते का, हा. आजींसमोरचा प्रश्न निराळा होता: न मोडलेले हाड पुढे मोडू नये म्हणून काय करावे? ‘हाडांसाठी चांगले’ या दोन शब्दांत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळतात, आणि बहुतेक घरांतला गोंधळ तेथूनच सुरू होतो. काशीच्या परंपरेत भग्नचिकित्सेला मोठे स्थान आहे. सुश्रुतसंहितेत सांधे निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले असून हाड जुळवून बांधण्याच्या रीतीही दिल्या आहेत. तेथेही मोडलेल्या हाडाचा विचार वेगळा आणि धातुक्षयाचा वेगळा आहे.

हाड दगडासारखे निर्जीव नसते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड कुरतडून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या जागी नवे रचतात. तारुण्यात हा हिशेब जुळतो. स्त्रियांची पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटते, कुरतडणाऱ्या पेशी अधिक काळ कार्यरत राहतात आणि प्रत्येक फेरीत थोडी तूट येते. ही तूट दुखत नाही. ती कळते ती बहुधा पहिले हाड मोडल्यावर. एकदा असे हाड मोडले की पुढचे मोडण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो. आजींचे मनगट ही म्हणूनच संपलेली घटना नव्हती, पूर्वसूचना होती.

अॅलेंड्रोनेटसारखी बिसफॉस्फोनेट औषधे हाडाच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि कुरतडणाऱ्या पेशींना निकामी करतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मणका आधीच मोडलेल्या २,०२७ स्त्रियांना सुमारे तीन वर्षे ही गोळी किंवा तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी देण्यात आली. निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांत शंभरातील १५ जणींचा नवा मणका मोडला, औषध घेणाऱ्यांत ८ जणींचा. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण २.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आले. ‘धोका निम्मा झाला’ हे खरे. आणि शंभरातील एकीचाच खुबा वाचला, हेही तितकेच खरे. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली तरच निर्णय प्रामाणिक होतो.

शेजारणीची भीतीही निराधार नव्हती. जबड्याच्या हाडाचा ऱ्हास होतो, पण तो मुख्यतः कर्करोगासाठी ही औषधे शिरेतून मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत आढळतो. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत तो फार विरळ आहे. मांडीच्या हाडाचा चमत्कारिक भंग हा औषध जितकी वर्षे घ्यावे तितका वाढणारा धोका आहे. कॅलिफोर्नियातील जवळजवळ दोन लाख स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षे औषध घेतलेल्या दर दहा हजार गोऱ्या स्त्रियांमागे खुब्याचे १४९ भंग टळले आणि औषधामुळे मांडीचे २ भंग झाले. आशियाई स्त्रियांत हेच आकडे ९१ आणि ८ होते. म्हणजे भारतीय वाचकाने पाश्चात्त्य आकडा जसाच्या तसा उचलू नये. तरीही तराजूचे पारडे कोणत्या बाजूला झुकते, ते दिसतेच. शिवाय गोळी आजन्म घ्यायची नसते. साधारण पाच वर्षांनी फेरविचार होतो आणि धोका कमी असेल तर ती थांबवता येते.

आता दुसरे पारडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार पाळी थांबलेल्या स्त्रीला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम, पेलाभर दुधात दोनशेच्या पुढे. हा पाया आवश्यक आहे, पण तो औषधाची जागा घेत नाही. अमेरिकेतील ३६,२८२ स्त्रियांच्या चाचणीत सुमारे सात वर्षे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर खुब्याची घनता जेमतेम एक टक्क्याने सरस राहिली. खुब्याचे भंग निश्चितपणे घटले असे म्हणता आले नाही आणि मूतखडे मात्र वाढले.

व्यायामाचे पुरावे अधिक आशादायक आहेत. ऑस्ट्रेलियातील १०१ स्त्रियांच्या चाचणीत एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजने उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. मात्र १०१ जणींच्या चाचणीतून हाडे मोडणे कमी झाले की नाही, हे ठरवता येत नाही. पडणे कमी होते, हे मात्र मोठ्या आधाराने म्हणता येते: २०१९ साली १०८ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात व्यायामाने वृद्धांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी घटलेले आढळले. आणि जो पडत नाही, त्याचे ठिसूळ हाडही बहुधा शाबूत राहते.

हाडजोडीवरचे काम उडुपांपाशी थांबले नाही. अंडाशय काढलेल्या उंदरांवरील प्रयोगांत तिच्या अर्काने हाडांची झीज कमी झाल्याचे निष्कर्ष आले आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शीशमच्या पानांवरही असेच संशोधन झाले आहे. वनस्पतीतून औषध निघू शकते, यात शंका नाही. पण हाडजोडीने वृद्ध स्त्रियांचे खुबे किंवा मणके मोडणे कमी होते, असे दाखवणारी मोठी मानवी चाचणी झालेली नाही. उंदरापासून आजीपर्यंतचे अंतर अजून चालायचे आहे.

आजींची नात विश्वविद्यालयात विज्ञान शिकते. एका रविवारी तिने ती पट्टी फळीवरून खाली काढली.

“आजी, तू हाडजोड खाऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण तुझं मनगट सांधलंय. आता प्रश्न खुब्याचा आहे.”

“आणि या गोळीनं मांडी मोडली तर?”

“मोडू शकते. न घेता मोडण्याची शक्यता जास्त आहे, इतकंच मी सांगू शकते.”

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “खुबा मोडला तर लीला बंद. जबडा गेला तर निदान बघता तरी येईल.”

दोघी पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. मूत्रपिंडाची तपासणी ठीक होती. ड जीवनसत्त्व कमी निघाले. आधी ते भरून काढले. हलणारा एक दात गोळी सुरू करण्यापूर्वी काढला. घटकांची नोंद नसलेले एक चूर्णही आजी घेत होत्या. ते बंद झाले. गच्चीवरची वेल तशीच राहिली. आता दर रविवारी पहाटे, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर त्या गोळी घेतात आणि अर्धा तास आडव्या होत नाहीत, कारण अन्ननलिकेत अडकलेली गोळी तेथे जखम करू शकते. तो अर्धा तास त्या माळ ओढतात. रोज खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठतात, दाराला धरून एका पायावर उभ्या राहतात. नाचणी बनारसला सहज मिळत नाही. ती पुण्याहून भाची पाठवते.

दोन वर्षांनी पुन्हा डेक्सा होईल. तोवर कोण जिंकले, हे कोणी सांगू शकत नाही. आणि त्या घरात आता ते कोणी विचारतही नाही. यंदा अनंत चतुर्दशीच्या सुमारास लीला सुरू झाली तेव्हा आजी पायांत नव्या, न घसरणाऱ्या चपला घालून निघाल्या. एका हातात काठी होती, दुसऱ्यात लहानशी विजेरी. वाटेत जिथे विटा निघाल्या आहेत तिथे त्या थांबतात, प्रकाश खाली टाकतात आणि मग पुढचे पाऊल टाकतात.